हलगी, गिटार आणि पोरांचं नाटक

डिसेंबर उजाडला की नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव तालुक्यात गावोगाव शाळांच्या स्नेहसंमेलनांचे मंडप पडतात. नरसी फाट्यापासून गोदाकाठच्या गावांपर्यंत कुठंही जा, कार्यक्रम लांबूनच ऐकू येतो. डीजेचे बॉक्स, पेनड्राइव्हवर भरून आणलेली गाणी, भाड्याचे चमकते कपडे आणि समोर मोबाइल उंच धरून बसलेल्या आया. पोरं जीव तोडून नाचतात, पण गाणं सिनेमाचं असतं आणि नाच मोबाइलवर पाहून बसवलेला असतो. मध्येच एखादी नाटिका होते. विषय व्यसनमुक्तीचा नाहीतर स्वच्छतेचा. शेवटी एक पात्र पुढं येऊन उपदेश करतं आणि टाळ्या पडतात. दोन-तीन तासांत सगळं मिळतं, फक्त त्या पोरांना स्वतःला काय म्हणायचंय तेवढं ऐकायला मिळत नाही.

ही अडचण फक्त आपल्या शाळांची नाही. मुलांसाठीचं नाटक जगभर बरीच वर्षं परीकथा आणि उपदेश यांच्या मध्येच अडकून पडलं होतं. त्यातून त्याला बाहेर काढणाऱ्या माणसांची कुंडली पाहिली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांतले बरेच जण बंडखोर गाण्यातून आलेले आहेत. कुणी तळघरातल्या राजकीय कॅबरेतून, कुणी सरकारनं बंदी घातलेल्या गाण्यांतून, कुणी रस्त्यावरच्या रॉकमधून. या सगळ्या घराण्यातलं सर्वांत गोंगाटाचं नाव म्हणजे पंक रॉक. आणि आपल्या मातीत त्याच्या जवळ जाणारं नाव म्हणजे जलसा.

तीन कॉर्ड आणि एक तुणतुणं

पंकचा काळ साधारण 1975 ते 1979. इंग्लंडात बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. शाळा सोडलेल्या पोरांना काम नव्हतं. त्याच वेळी रॉक संगीत मात्र श्रीमंत झालं होतं. प्रचंड मैदानं, महागडी यंत्रसामग्री आणि वीस-वीस मिनिटांच्या रचना. गल्लीतल्या पोरानं ते ऐकावं आणि गप्प बसावं, एवढंच त्याच्या वाट्याला उरलं होतं.

अमेरिकेत रामोन्स नावाच्या बँडनं 1976 मध्ये पहिला अल्बम काढला. चौदा गाणी, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपलेली. त्याच वर्षी लंडनमध्ये सेक्स पिस्टल्सचं पहिलं गाणं आलं. 1977 मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली. त्या सोहळ्याच्या ऐन धामधुमीत याच बँडनं राणीवरचं गाणं बाजारात आणलं. बीबीसीनं ते वाजवायला बंदी केली, तरी विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच साली चाहत्यांनी काढलेल्या एका हातछपाईच्या पत्रिकेत एक साधं चित्र आलं. त्यात गिटारवर बोटं कुठं ठेवायची याच्या तीन आकृत्या होत्या, आणि एवढं आलं की बँड काढा, असा खाली सल्ला होता. पंकचं अख्खं शिक्षणशास्त्र त्या चित्रात आहे. तयारी पूर्ण होण्याची वाट पाहू नका, जेवढं येतंय तेवढ्यावर सुरू करा.

पंक म्हणजे निव्वळ आरडाओरडा, उभे केलेले केस आणि कानातल्या सेफ्टी पिना, एवढंच आपल्यापर्यंत पोचलं. पण 30 एप्रिल 1978 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाच्या विरोधात मोठा जलसाच झाला होता. द क्लॅश, एक्स-रे स्पेक्स हे पंक बँड आणि स्टील पल्स हा कृष्णवर्णीय तरुणांचा रेगे बँड एकाच मंचावर आले. ट्रफाल्गर चौकातून हजारो तरुण मोर्चानं तिथं चालत गेले होते.

त्याच साली जुलैत इकडं मराठवाडा पेटला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि नांदेड, परभणीसह अनेक जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 हा दिवस उजाडावा लागला. मधली जवळपास सोळा वर्षं नामांतराची चळवळ सभा-मोर्चांइतकीच गाण्यांवर चालली. भीमगीतं गाणारी मंडळं वस्त्यावस्त्यांत फिरत होती. हातात डफ, ढोलकी, फार तर एक पेटी. लाऊडस्पीकर मिळाला तर ठीक, नाहीतर खड्या आवाजावर भागायचं. लंडनची पोरं तीन कॉर्डवर बँड काढत होती. आपल्या शाहिरांनी तर एका तारेच्या तुणतुण्यावर त्याच्या कितीतरी आधी चळवळी उभ्या केल्या होत्या.

जलशाची बांधणी

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याचा विचार खेड्यांत न्यायचा तर वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. तेव्हा तमाशाचाच साचा उचलून सत्यशोधक जलसे उभे राहिले. ओतूरच्या भीमराव महामुनींचं नाव त्यात आधी येतं. पुढं आंबेडकरी चळवळीनं हा साचा आपलासा केला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा 1930 च्या दशकात गाजला. आपल्या दहा सभांचं काम असा एक जलसा करतो, या आशयाचं बाबासाहेबांचं मत आजही शाहीर मंडळी अभिमानानं सांगतात.

साच्याची मोडतोड कशी केली ते नीट पाहण्यासारखं आहे. तमाशा गणानं सुरू होतो, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. जलसाकारांनी क्रम ओळखीचा ठेवला आणि आतला मजकूर बदलला. गणात देवाच्या ऐवजी समाजाच्या उद्धारकर्त्याला वंदन आलं. गवळणीतली कृष्णाची छेडाछेड काढून टाकली, कारण त्या लावण्यांत आणि गवळणींत ज्यांच्या घरच्या बाया नाचवल्या जात, तेच लोक आता जलसा करत होते. बतावणीतला हजरजबाबीपणा मात्र जसाच्या तसा ठेवला. फक्त आता त्याच्या तावडीत सावकार, भटजी आणि पाटील सापडले. वगाच्या जागी पाणवठ्याची, शाळेची, कर्जाची गोष्ट आली. मागं झीलकरी होतेच. मुख्य गायकानं ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती उचलायची. एकट्या माणसाची तक्रार अशी बघता बघता सगळ्या मंडळाची होते.

1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. त्यावर सरकारची बंदी आली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर अशी माणसं तयार झाली. सेवा दलाची शाखा मुळात मुलांची आणि तरुणांची. म्हणजे गाणं-नाटक-विचार हा मसाला पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हाती देण्याची रीत आपल्याकडं होती.

मराठवाड्याला तर तिची गरज जास्तच होती. निजामी राजवटीत साधी सभा घ्यायची तरी परवानगी काढावी लागे. गश्ती क्रमांक 53 हा हुकूम जुन्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत हमखास येतो. भाषणाला बंदी असली की माणसं भजनाच्या, मेळ्याच्या, कीर्तनाच्या आडोशानं बोलतात. गणेशोत्सवातले मेळे हे त्यातलं मोठं साधन. मेळ्यात पोरंच असायची. गाणी म्हणायची, छोटे प्रवेश करायची आणि चिमटेही काढायची.

पंक आणि जलसा यांना एका दावणीला बांधायचं नाही. फरक मोठा आहे. पंकच्या बऱ्याच गाण्यांत उद्याचा दिवसच उगवणार नाही, असा वैताग होता. जलसा सगळा उद्यासाठीच होता. पण तीन गोष्टी दोघांत सारख्या आहेत. परवानगीसाठी थांबायचं नाही, हाताशी असेल त्या साधनावर वाजवायचं आणि आपलं जगणं आपल्याच बोलीत सांगायचं. मुलांच्या नाटकाला नेमक्या याच तीन गोष्टी हव्या होत्या.

बर्लिनची गोष्ट

1966 मध्ये पश्चिम बर्लिनमधल्या राइशकॅबरे नावाच्या राजकीय कॅबरेनं मुलांसाठी नाटक सुरू केलं. फोल्कर लुडविग हे त्याचे प्रमुख लेखक. विद्यार्थी चळवळीचा तो काळ होता. रात्री मोठ्यांसमोर सरकारची टर उडवणारी गाणी गायची आणि दिवसा मुलांसमोर राजकन्या-राक्षस करायचे, हे त्या मंडळींना पटेना. त्यांनी मुलांची खरी अडचण मंचावर आणली. अंगणात खेळू न देणारा घरमालक, हात उगारणारा बाप, परदेशातून आलेल्या मजुराचं पोर म्हणून चिडवणारी शाळा. 1972 पासून या मंडळींनी ग्रिप्स हे नाव घेतलं.

ग्रिप्सचे नियम साधे आहेत. मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात, पण लाडिक बोबडं बोलून नव्हे. मूल जितकं गंभीर असतं तितक्याच गांभीर्यानं. घटना आजच्या शहरातली असते आणि ती मुलाच्या नजरेनं दिसते. प्रश्न सुटतो तो परीच्या छडीनं नाही, मुलं एकत्र येऊन डोकं लढवतात म्हणून. आणि मोक्याच्या जागी गाणं येतं. बिर्गर हाइमान यांच्या चाली कॅबरे आणि रॉक यांच्या मधल्या असत, एकदा ऐकून मुलांच्या तोंडी बसाव्यात अशा. ही नाटकं मुलांना आई-बापांविरुद्ध भडकवतात, अशी ओरड सनातनी राजकारण्यांनी केली. ती ओरडच या नाटकांचं प्रमाणपत्र ठरली.

बर्लिनच्याच क्रॉइत्सबर्ग या मजुरांच्या आणि स्थलांतरितांच्या वस्तीत आणखी एक धागा विणला जात होता. रिओ रायझर आणि त्याचे भाऊ एक फिरतं नाटक चालवत. कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्या पोरांना घेऊन त्यांनी त्यांच्याच आयुष्यावर नाटकं केली. त्या नाटकांच्या गाण्यांतून 1970 मध्ये टोन श्टाइने शेर्बेन हा बँड जन्मला. इंग्रजीचं अनुकरण सोडून सरळ जर्मन बोलीत खरखरीत, रागीट रॉक त्यांनी गायलं. पुढच्या जर्मन पंकवाल्यांनी यांना आपले पूर्वज मानलं. इथं क्रम लक्षात घ्या. आधी पोरांचं नाटक होतं, त्याच्या पोटातून बँड निघाला.

1986 मध्ये ग्रिप्सनं ‘लिनिए 1’ हे तरुणांसाठीचं रॉक संगीत नाटक केलं. एक मुलगी घरून पळून बर्लिनला येते. तिला एका रॉक गायकाला शोधायचंय. त्याच्या मागावर ती भुयारी रेल्वेच्या एक नंबरच्या मार्गानं फिरत राहते आणि डब्यात तिला अख्खं शहर भेटतं. पंक पोरं, बेकार, नशेबाज, एकट्या म्हाताऱ्या आणि जुन्या नाझी अधिकाऱ्यांच्या पेन्शनवर मिजास करणाऱ्या विधवा. बँड मंचावरच दिसतो. गायक मिळतो की नाही हा प्रश्न हळूहळू मागं पडतो आणि मुलीला माणसं वाचता येऊ लागतात. हे नाटक पुढं कितीतरी देशांत आपापल्या शहराच्या रूपात उभं राहिलं.

कोरियाचा शाहीर

त्यातलं सर्वांत मोठं रूप दक्षिण कोरियात झालं, आणि ते करणारा माणूस आपल्या शाहिरांच्या पंगतीत सहज बसेल असा होता. किम मिन-गी. 1970 च्या सुमारास त्यानं लिहिलेलं एक साधं, शांत गाणं विद्यार्थ्यांच्या मोर्चांचं गाणं झालं. लष्करी सरकारनं त्याच्या गाण्यांवर बंदी घातली. तो कारखान्यात राबला, शेतावर राबला. 1991 मध्ये त्यानं सोलमध्ये हाकचॉन नावाचं छोटं नाट्यगृह काढलं. 1994 पासून त्यानं ‘लिनिए 1’ चं कोरियन रूप सादर केलं, सोलच्या लोकलमधलं, तिथल्याच माणसांचं. 2008 पर्यंत त्याचे चार हजार प्रयोग झाले. कोरियन सिनेमातले कित्येक नामवंत नट या नाटकातून पुढं आले.

एवढं चालतं नाटक त्यानं स्वतःहून थांबवलं आणि तो मुलांच्या नाटकांकडं वळला. त्यात पैसा नव्हता, नाव नव्हतं. बंदी घातलेली गाणी लिहिणाऱ्या माणसाला आपलं पुढचं काम सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर दिसलं. 2024 च्या मार्चमध्ये हाकचॉन बंद झालं आणि त्याच वर्षी जुलैत किम गेला.

इंग्लंडात हीच वाट वेगळ्या तऱ्हेनं निघाली. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख होफमान यांनी आपल्या लहान मुलासाठी केलेलं चित्रमय पुस्तक 1845 मध्ये छापलं गेलं. अंगठा चोखला तर अंगठा तोडणारा शिंपी येतो, असल्या भीतीच्या गोष्टी त्यात होत्या. 1998 मध्ये टायगर लिलीज या तीन माणसांच्या विक्षिप्त बँडनं त्यावर ‘शॉकहेडेड पीटर’ हा संगीत खेळ केला. अकॉर्डियन, मोठं बास, खेळण्यातल्यासारखे ड्रम आणि गायकाचा किनरा आवाज. पुस्तकातला उपदेश त्यांनी इतका ताणला की त्याचं हसू व्हावं. मुलांना धाक दाखवणारी मोठी माणसंच त्यात हास्यास्पद ठरली. कुटुंबांनी मुलांसह जाऊन हा खेळ पाहिला आणि त्याला ऑलिव्हिए पुरस्कारही मिळाला.

पुण्यात काय झालं

मराठी बालरंगभूमीला वैभवाचा काळ आहे. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं. मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटकं आजही मुलांना धरून ठेवतात. पण ते जग अद्भुताचं होतं. चौथीतल्या पोराचा घरातला, वर्गातला रोजचा राग त्यात मावत नव्हता.

पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनं 1980 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ युरोपात नेलं. मनोविकारतज्ज्ञ आणि नट डॉ. मोहन आगाशे यांचा ग्रिप्सशी संबंध आला तो त्या काळात. मॅक्स म्यूलर भवनाच्या मदतीनं ग्रिप्सचे दिग्दर्शक वोल्फगांग कोलनेडर पुण्यात आले आणि 1986 मध्ये ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ उभं राहिलं. मराठी रूप श्रीरंग गोडबोले यांचं. नावातच मुलांचा निकाल ऐकू येतो. पुढं विभावरी देशपांडेंसारख्या रंगकर्मी याच वातावरणात घडल्या, आणि ‘प्रोजेक्ट अदिती’सारखी नाटकं ग्रिप्सच्या वाटेनं आली.

पुण्यातल्या प्रेक्षागृहात दाढी-मिशीचे नट हाफचड्डी घालून सहावीतली पोरं झाले तेव्हा आधी मुलं हसली असतील. पण पाच-दहा मिनिटांत ते विसरलं जातं, हा ग्रिप्स पाहिलेल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. मोठा माणूस छोट्याची बाजू घेऊन भांडतोय, हे दृश्यच मुलांना नवं असतं.

मतकरी स्वतःही अद्भुतापाशी थांबले नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ ही चळवळ सुरू केली. तिथं मुलंच आपल्या वस्तीतले विषय आणतात, आपणच नाटक रचतात आणि करतात. नेपथ्य नाममात्र, साहित्य घरातलं. मराठी बालरंगभूमीच्या एका मोठ्या लेखकानं लेखणी मुलांच्या हाती दिली, याचं मोल फार आहे.

आणि मोठ्यांच्या रंगभूमीवर मराठवाड्यानं दाखवलेला चमत्कार ताजा आहे. 2012 मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावचे. संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. बरेचसे नट जालन्याकडचे, शेती करणारे. बोली त्यांची, शाहिरी त्यांची, विनोदही त्यांचाच. मुंबई-पुण्याची प्रेक्षागृहं त्यांनी भरवली. जलसा संपलेला नाही, तो फक्त आपण शाळेच्या दारात उभा करून ठेवलाय.

गाणं मुलांच्या नाटकात काय काम करतं

आपल्या शाळांतल्या नाटिकेत गाणं असलंच तर ते सुरुवातीला स्वागताचं किंवा शेवटी बोधाचं असतं. म्हणजे ते नाटकाच्या बाहेर असतं. ग्रिप्स असो की जलसा, गाणं येतं ते बोलणं थांबतं तिथं. मुलाला बापाला काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाही, तिथं संवाद लिहिला तर खोटा वाटतो. गाणं तो अडथळा ओलांडतं.

दुसरं काम झीलकऱ्यांचं. एकटी मुलगी मंचावर घाबरते. तिच्या ओळीला मागून दहा जणींनी झील दिली की तिचा आवाज आपोआप वाढतो. ज्याला एकट्यानं बोलता येत नाही त्यालाही झील देता येते. वर्गातलं एकही मूल त्यामुळं बाहेर राहत नाही. आजच्या संमेलनात ‘चांगली नाचणारी’ आठ पोरं निवडली जातात आणि बाकीची खुर्च्या उचलतात, हा प्रकार मग होत नाही.

तिसरं, वाद्य डोळ्यांसमोर वाजलं पाहिजे. पेनड्राइव्हवरचं गाणं नाटकासाठी थांबत नाही. समोरचा वाजवणारा मात्र थांबतो. पात्र अडखळलं तर तो दोन मात्रा जास्त वाजवतो, प्रेक्षक हसले तर हसू ओसरेपर्यंत ठेका धरून ठेवतो. तमाशातल्या ढोलकीवाल्याला हे सांगावं लागत नाही.

नायगावच्या परिसरात यासाठी लागणारं सगळं आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी आहेत, तमाशाचे फड उतरतात. गोंधळी आहेत, वासुदेव आहेत, भजनी मंडळं तर प्रत्येक गावात. तेलंगणाची सीमा जवळ, म्हणून कानांवर मराठी, तेलुगू आणि उर्दू तिन्ही पडतात. आमची पोरं एका वाक्यात तिन्ही भाषांना फिरवून आणतात आणि शाळेत त्याबद्दल बोलणी खातात. नाटकात तीच त्यांची श्रीमंती आहे.

विषयही शोधायला लांब जावं लागत नाही. एखाद्या मुलीची शाळेला ने-आण करणारी मानव विकासची निळी बस चुकली, एवढ्या घटनेवरही नाटक उभं राहतं. बाकावर दोन हातांनी ठेका धरायचा. एक पोर म्हणतं, ‘बस गेली, बस गेली, धूळ ठेवून गेली.’ बाकीचे विचारतात, ‘कुठं गेली?’ मग प्रत्येकानं आपल्या गावाचं नाव घालायचं. पुढच्या कडव्यात कंडक्टर येतो, त्याच्या पुढच्या कडव्यात घरी उशिरा पोचल्यावर आजी काय म्हणते ते येतं. त्याही पुढं कुणीतरी हळूच सांगतं की बसची ही कटकट चालू राहिली तर बाप शाळा सोडवील. इथं हसणारा वर्ग गप्प होतो, आणि नाटक सुरू होतं. मुखेड, कंधार भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं, हैदराबादला बांधकामावर गेलेल्यांची आजीजवळ राहिलेली मुलं, यांच्याजवळ सांगण्यासारखं किती साठलं असेल याचा अंदाज करावा.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती हलगीबद्दल. शेकोटीवर तापवून ताणलेल्या हलगीइतकं सणसणीत वाद्य मुलांच्या नाटकाला दुसरं मिळणार नाही. पण गावकीत हलगी वाजवणं हे काही जातींवर लादलेलं काम होतं. मयताला, मिरवणुकीला बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. आंबेडकरी चळवळीत कित्येक गावांतल्या लोकांनी हे काम नाकारलं आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून ‘तुमच्यातल्या कुणाला तरी वाजवता येत असेल’ असं म्हणून शिक्षकांनी एखाद्या ठरावीक पोराच्या हाती हलगी देऊ नये. वर्गात हलगी आली तर ती आळीपाळीनं सगळ्यांच्या हाती गेली पाहिजे, पाटलाच्या पोराच्याही आणि मुलींच्याही. शिकवायला गावातला जाणकार वादक बोलवावा, त्याला गुरुजी म्हणावं आणि मानधन द्यावं. बंडखोर संगीताचं नाव घ्यायचं आणि जुनी वाटणी तशीच ठेवायची, हे चालणार नाही.

दुसरा धोका मोठ्यांच्या हौसेचा. शासनाची राज्य बालनाट्य स्पर्धा होते, नांदेड-लातूरच्या केंद्रांवर आपल्याकडची मंडळी उतरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण बक्षिसाच्या नादात पोरांच्या तोंडी मोठ्यांची जड वाक्यं येतात. पंकनं कितीही गोंधळ घातला असला तरी एक शहाणपण शिकवलं. गाणं थोडं बेसूर झालं तरी चालेल, पण ते ज्याचं त्याचं असावं. दहा वर्षांच्या मुलीनं ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द अचूक उच्चारण्यापेक्षा, भावाला दोन भाकरी आणि मला एक का, हे तिनं तिच्या शब्दांत विचारलेलं जास्त लागतं.

यंदा संमेलनाची तयारी सुरू कराल तेव्हा डीजे रद्द करायची गरज नाही. पोरांना नाचू द्या. फक्त तीन तासांतला अर्धा तास बाजूला काढा. त्या अर्ध्या तासात सिनेमाचं एकही गाणं नको आणि शिक्षकांनी लिहिलेला एकही संवाद नको. एक डफ किंवा हलगी, एक पेटी, सगळा वर्ग झीलकरी आणि विषय पोरांनी ठरवलेला. पहिल्या वर्षी फसेल. दुसऱ्या वर्षी पालक मोबाइल खाली ठेवून ऐकतील. गुरुजी-बाई, तुम्ही फक्त एक काम करा : पोरं जे म्हणतील ते तुमच्या सोयीचं नसलं तरी मध्ये थांबवू नका.